झापड आणि पहिली थाप

ते यंत्र घरात आलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "हे पुसायचं कशानं?"

दुसरं काय विचारणार? पांढराशुभ्र डबा, पुढे काळ्या काचेचे बारीक डोळे, मागे रबरी पट्टे आणि आत कपाळाला टेकणारा स्पंज. पेडण्याच्या हवेत कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, तिथे स्पंजाची काय कथा! माझा मुलगा इंग्लंडात कामाला; त्याच्या तिकडून आलेल्या मित्राने तो खोका आणला होता. हरमलला आपल्या घरी जाण्याआधी तो आमच्याकडे थांबला, चहा-पाव खाल्ला आणि म्हणाला, "मावशी, हे डोळ्यांवर लावायचं. आत खेळ आहेत. त्यानं तुमच्यासाठी पाठवलंय."

माझ्यासाठी! मी साठी उलटलेली, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. माझा खेळ म्हणजे चवथीच्या दिवसांत पत्ते, तेही हरले की भांडणारी. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, खुर्चीत पेपर वाचत होते. मुलाचा विषय निघाला की ह्यांचा पेपर वर जातो, तसा तो वर गेला. मित्र निघाला तेव्हा पेपराच्या मागून "बरं" एवढंच आलं.

बापलेकांचं बोलणं तेव्हा दोन वर्षं बंद होतं.

झालं होतं असं. गोव्यात ज्यांचे आईवडील पोर्तुगीज राजवटीत जन्मले, त्यांना पोर्तुगालचा पासपोर्ट काढता येतो, आणि तो मिळाला की युरोपात कामाला जाता येतं. इंग्लंड युरोपातून बाहेर पडणार अशी बोलवा उठली तेव्हा अर्धा गोवा ह्या कागदाच्या मागे धावला. आमचा मुलगाही धावला. आम्हाला सांगितलं, नाही असं नाही. पण सगळं हातात पडल्यावर सांगितलं. आता ह्यांचे थोरले काका पोर्तुगीजांच्या कोठडीत मार खाऊन आलेले. त्यांचा डावा कान कायमचा गेला. हे लहानपणी पंगतीत नेहमी काकांच्या उजव्या बाजूला बसत, कारण तिकडूनच त्यांना ऐकू जायचं.

"ज्यांना घालवायला काकांनी कान दिला, त्यांचं पुस्तक खिशात घालून चाललास?" हे म्हणाले.

"काकाआजोबांनी कान दिला, बाबा, पण मला इथे नोकरी कोणी दिली?" मुलगा म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच मला दोघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती. खोटं बोलणाऱ्याला गप्प तरी करता येतं.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. आमच्याकडे घरातून बाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही. घरात आम्ही पेडण्याचं बोलणं बोलतो, त्याला कोकणी म्हणा नाहीतर मालवणी म्हणा, मी त्या वादात पडत नाही. तर त्या बोलण्यात निघताना 'येतां' म्हणायचं, म्हणजे येतो, आणि घरातल्या थोरल्याने 'यो' म्हणायचं, म्हणजे ये. कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ आणायला निघालेलं पोरसुद्धा 'येतां' म्हणून निघतं. मुलाने ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "येतां, बाबा."

हे म्हणाले, "वच."

जा. बस्स, एवढंच. टॅक्सीवाल्याने सुद्धा मान खाली घातली. मी "यो रे, यो रे" करत फाटकापर्यंत धावले, पण माझं 'यो' त्याला कधी कमी पडलं नव्हतं. त्याला हवं होतं ते आत खुर्चीत बसून राहिलं.

त्यानंतर मुलाचा फोन आला की हे माडांना पाणी घालायला बाहेर जात. त्या दोन वर्षांत आमच्या माडांना मिळालं तेवढं पाणी गोव्यात दुसऱ्या माडांना मिळालं नसेल. मी मुलाला म्हणायचे, "अरे, तूच ये ना एकदा, येऊन उभा राहा समोर." तो म्हणायचा, "बाबा 'यो' म्हणू देत, मी तिकीट काढतो. त्याशिवाय उंबरठा चढणार नाही." ह्यांना विचारलं की हे म्हणायचे, "मी त्याला येऊ नको असं कधी म्हटलं?" आता ह्यावर काय बोलणार, कप्पाळ! येऊ नको म्हटलं नाही हे खरं, पण ये असंही म्हटलं नाही. माझा मुलगा ह्या दोहोंच्या मध्ये अडकून पडला होता.

आणि त्याच्याबरोबर आमचं घुमटही. घुमट म्हणजे दोन्हीकडे उघडं असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं, त्यावर उजव्या हाताची थाप मारायची. मागचं लहान तोंड उघडं असतं, ते डाव्या हाताने झाकायचं-उघडायचं, मग आवाज घुमतो. मडकं पोटाशी धरलेलं असतं, त्यामुळे डावा हात कायम कमरेपाशी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या वाड्यावर घरोघर घुमटावर आरत्या होतात. हे मुख्य घुमटवाले. त्यांच्या शेजारी शामेळावर आमचा मुलगा, शाळेत असल्यापासून. शामेळ म्हणजे लहानसा नगारा, दोन काठ्यांनी वाजवतात. आमच्या वाड्याची पद्धत अशी की घुमटाची पहिली थाप पडल्याशिवाय शामेळाने काठी हलवायची नाही. ती पहिली जागा थोरल्याला मोकळी सोडायची आणि मग शिरायचं. मुलगा गेला आणि ह्यांनी घुमट खुंटीला लावलं ते लावलं. दोन चवथी हे आरतीला नुसत्या टाळ्या वाजवत मागे उभे राहिले. मला ते बघवत नसे. मी मुद्दाम स्वयंपाकघरात करंज्या मोजत बसायचे.

तर अशा घरात तो डबा आला.

मुलाने फोनवरून शिकवलं. टीपॉय उचला, सोफा मागे सरकवा, पंख्याचा वेग कमी करा. डोळ्यांवर लावलं की जमिनीवर आपल्याभोवती रेघ मारायची, म्हणजे ते यंत्र आपल्याला भिंतीवर आपटू देत नाही. माझ्या चष्म्यावर ते बसेना, अंबाड्यावर पट्टा राहीना. शेवटी बसलं आणि बाई गं! मी डोंगरावरच्या एका घरात उभी. खाली दरी, वर चांदणं. मी मागे वळले तर मागेही दरी. हातात दोन कांड्या दिलेल्या, त्या आत खरोखरचे हात होऊन दिसत होते. मी स्वतःचाच हात बराच वेळ उलटासुलटा करून बघितला. बांगड्या मात्र त्यांनी घातल्या नव्हत्या.

मग मुलाने मला रोलरकोस्टरवर बसवलं आणि मला दुपारची आमटी आठवली. त्या दिवशी मी डबा काढून टेबलावर आपटला आणि फोनवर सांगितलं, "हे तुझं मेलं खेळणं तूच ठेव. मला घरबसल्या म्हापशाच्या बसमधली ओकारी नको." तो पोट धरून हसत होता. खूप दिवसांनी त्याला तसं हसताना ऐकलं, म्हणून माझा राग अर्ध्यावर गळून पडला.

शेजारची वहिनी दुसऱ्याच दिवशी हजर. तिने ते उलटंपालटं करून बघितलं आणि नाव ठेवलं 'झापड'. घाण्याच्या बैलाला डोळ्यांवर बांधतात ती. ते नाव वाड्यावर चिकटलं. वहिनी झापड लावून डायनासोरासमोर उभी राहिली आणि अंगणात शिरलेल्या म्हशीला हाकलावं तशी "हुर्र, हुर्र" करत हात झाडायला लागली. आमची तर हसून पुरेवाट. एक गंमत मात्र माझ्या तेव्हाच लक्षात आली. झापड चढवताना प्रत्येक जण नकळत "येतां हां" म्हणायचा, खरोखर गावाला निघाल्यासारखा, आणि बाहेरचे आम्ही सगळे "यो, यो" म्हणायचो.

पहिले काही आठवडे आमची बैठकीची खोली दवाखान्यासारखी भरलेली असायची. बाकावर रांग. कोणाच्या केसांचं तेल पट्ट्याला, कोणाची अबोलीची वेणी पट्ट्यात अडकलेली, आणि प्रत्येकानंतर मी ओलं फडकं घेऊन उभी. मग रांग आटली. कारण सांगायला कोणी पंडित नको. झापडीतलं एकालाच दिसतं, बाकीच्यांनी काय त्याचं उघडं तोंड बघत बसायचं? आमच्याकडे साधं भजनसुद्धा एकट्याने होत नाही. त्यात नाकावर वजन, उन्हाळ्यात घाम, ऐन रंगात आलं की चार्जिंग संपणार, आणि चार्जिंग असेल तेव्हा नेट जाणार. रोलरकोस्टर एकदा बसून झाली, डायनासोर दोनदा बघून झाला, की पुढे काय? मुलाच्या त्या मित्राने स्वतःसाठीही एक आणलं होतं. ते हरमलला कपाटावर पडून आहे असं त्याच्या आईनेच मला बाजारात सांगितलं.

आमचंही कपाटावर गेलं असतं. एका खेळाने ते वाचवलं.

त्या खेळात गाणं लागतं आणि समोरून लाल-निळे ठोकळे आपल्याकडे धावत येतात. दोन हातांत दोन झगमगत्या तलवारी. लाल ठोकळा डाव्या तलवारीने कापायचा, निळा उजव्या. पण केव्हाही नाही, ठेक्यावर. ठेका चुकला की ठोकळा अंगावरून निघून जातो आणि खेळ फणफणतो. मला ते जमत नव्हतं, पण मजा येत होती, आणि घाम आला की गुडघे बरे वाटत होते. डॉक्टर सांगतात तो व्यायाम मी कधी केला नव्हता, हा मात्र रोज.

झापडीच्या पट्ट्यातून गाणं बाहेरही बारीक ऐकू येतं. एक दिवस मी ठोकळ्यांशी झुंजत असताना बाहेरून कुठूनतरी आवाज आला, "समेवर मार गे! समेवर!"

मी झापड वर सरकवली. हे पेपर वाचत होते. पण खुर्चीच्या हातावर ह्यांची बोटं चालू होती.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तो ठेका साधा आहे, तू मध्येच शिरतेस. म्हैस चालते रस्त्यात तशी."

"मग या की तुम्हीच!"

"मला काय वेड लागलंय!" असं म्हणून हे माडांकडे गेले. फोन नसताना माडांना पाणी घालायला गेले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजाराला गेले. बाजारात मन लागेना, बांगडेही बरे नव्हते, म्हणून लवकरची बस धरून परत आले. दार लोटलं आणि हातातल्या पिशव्यांसकट तिथेच उभी राहिले. खोलीच्या मधोमध हे, बनियन आणि लुंगी, लुंगी वर खोचलेली. झापड डोळ्यांवर, पट्टा उलटा. उजवा हात असा चालला होता की बघत राहावं! एकही निळा ठोकळा सुटत नसणार, पट्ट्यातून येणारं गाणं सांगत होतं. पण डावा हात? डावा हात कमरेपाशी चिकटलेला, आणि ताल धरून नुसता उघडझाप करत होता. तिथे मडकं नव्हतं. ह्यांच्या हाताला ते कोणी सांगितलं नव्हतं. लाल ठोकळे सगळेच्या सगळे अंगावरून निघून जात होते आणि खेळ फणफणत होता.

मी आधी तोंडावर पदर धरून हसले. मग कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. दोन वर्षं खुंटीवर होतं ते घुमट ह्यांनी खाली ठेवलंच नव्हतं.

गाणं संपलं, ह्यांनी झापड काढली आणि मी दिसले. तोंड असं झालं की सांगता सोय नाही.

"बॅटरी तपासत होतो," हे म्हणाले. वीज खात्यात लाइनमन म्हणून जन्म गेला, निमित्तही त्यातलंच सुचलं.

"तपासा की. पण डाव्या हाताने काय मडकं झाकत होता?"

ह्यांनी डाव्या हाताकडे बघितलं. आणि मग, खरं सांगते, हे हसले.

संध्याकाळी मी न्हाणीघराच्या मागे जाऊन मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "डावा हात पोटाशी?"

"पोटाशी."

"आई, माझ्याकडेही ते यंत्र आहे. त्या खेळात दोघांना एकत्र उतरता येतं. रविवारी माझी सकाळ असते तेव्हा तुमची दुपार. बाबांना आत पाठव. मी असेन. कोण आहे ते सांगू नको."

"आणि तू बोललास तर?"

"मी माझा आवाज बंद ठेवीन. तूही तिकडचा बंद ठेव. नाहीतर बाबा काहीतरी बोलतील आणि मी फुटेन."

मग मी नाटक रचलं. ह्यांना सांगितलं की आत दुसरी माणसंही खेळायला येतात, जगातून कुठून कुठून. एक जण रविवारी असतो. एकट्याने तलवारी फिरवण्यापेक्षा बरं. ह्यांनी विचारलं, "भाषा कुठली त्याची?"

"बोलत नाही तो. आवाज बंदच असतात."

"बरं आहे. गप्प राहणाऱ्या माणसाचा ठेका पक्का असतो," हे म्हणाले आणि झापड चढवली. "येतां हां" म्हणायला विसरले नाहीत. मी "यो" म्हटलं आणि मला एकदम भरून आलं, म्हणून आत पळाले.

झापडीतलं चित्र माझ्या मोबाइलवर दिसेल अशी सोय मुलाने करून दिली होती. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून मी स्वयंपाकघरातून बघायचे. ह्यांच्या शेजारी एक निळसर बाहुला उभा असायचा. डोकं, टोपी, दोन हात. पाय नाहीत, चेहरा म्हणावा तर तोही नाही. मी माझा मुलगा त्या बाहुल्यात शोधायचे आणि मला काही सापडायचं नाही. पण गाणं सुरू झालं की दोघांचे हात एकदम उठायचे, एकदम पडायचे. त्या वेळी मी कितीदा फोडणी जाळली ते मलाच ठाऊक.

ह्यांचा डावा हातही हळूहळू कमरेवरून निघाला. पहिल्यांदा लाल ठोकळा कापला त्या दिवशी हे "अरे वा!" असं इतक्या मोठ्याने ओरडले की वहिनी कुंपणावरून डोकावली. पेपर आता रविवारी तसाच घडी घातलेला पडून राहायचा. जेवताना हे म्हणायचे, "तो परका बरा वाजवतो." वाजवतो म्हणायचे, खेळतो नाही. एकदा म्हणाले, "पण दर गाण्यात पहिला ठोकळा सोडतो. गुण जातात त्याचे."

"आळशी असेल," मी म्हटलं आणि भात वाढला. मी मेली, जन्मभर आरत्या ऐकत आले, आणि मला कळलं नाही!

हे भात कालवत राहिले.

असे पावसाचे महिने गेले आणि चवथ जवळ आली. बाजारात माटोळीची फळं दिसायला लागली, गणपतीच्या वर छताला टांगायचे रानातले घड आणि दोडके. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, रजेचा अर्ज ह्या सोमवारी द्यायला हवा. नंतर दिला तर नाताळापर्यंत सुट्टी नाही." माझा जीव टांगणीला. शनिवारी जेवताना मी मन घट्ट करून विचारलं, "ह्या चवथीला त्याला बोलवूया?" हे हात धुऊन सरळ माडांकडे गेले. बाहेर मुसळधार पाऊस होता. भर पावसात हा माणूस माडांना पाणी घालायला गेला!

मला इतका संताप आला की मी खिडकीतून ओरडले, "घाला! घाला आणखी! माडच करतील तुमच्या आरत्या!"

रविवार उजाडला. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. हे जेवून उठले, झापड लावली, "येतां हां" म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. माझा राग अजून पोटात होता. विळीवर बसून मी नारळ खवायला घेतला, मोबाइल नेहमीसारखा डब्याला टेकवला. दोन गाणी झाली, तिसरं झालं. दर गाण्याला बाहुला पहिला ठोकळा सोडत होता.

तिसरं गाणं संपलं तरी ह्यांनी झापड काढली नाही. मोबाइलवर दिसत होतं की हे बाहुल्याकडे वळून उभे आहेत. बाहुलाही वळला. दोघंही हात खाली घेऊन समोरासमोर.

आणि बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, अगदी स्पष्ट, वाड्यावर आरतीला हाक मारतात तसा. "चवथीक घरा यो रे."

माझ्या हातातली करवंटी सुटली आणि लोळत चुलीपर्यंत गेली.

बाहुला हलला नाही. हात तसेच. टोपी तशीच. हे थांबले. मग ह्यांचा आवाज पुन्हा आला, पण अगदी खाली गेलेला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "येत नाही म्हणतोस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज! आवाज मीच बंद करून ठेवला होता! दोन वर्षांनी ह्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघाला आणि तो ह्या खोलीबाहेर गेलाच नव्हता. मी खोबऱ्याने माखलेल्या हातांनी धावत बाहेर आले.

"अहो, थांबा! काढू नका ते! त्याला ऐकूच गेलं नाही, आवाज बंद आहे!" आणि मग जीभ चावली. "म्हणजे त्या परक्याला, हो..."

"कसला परका!" झापडीतून हे कडाडले. "पहिल्या रविवारपासून मला माहीत आहे. माझ्यासाठी पहिली थाप सोडणारा जगात दुसरा कोण आहे गे? उघड तो आवाज!"

"मला कसा उघडता येईल, तुम्ही आत आहात! समोर कुठेतरी माइकचं चित्र असेल, त्यावर रेघ मारलेली."

"कुठे? इथे शंभर चित्रं आहेत!"

"खाली बघा, खाली! घड्याळाच्या बाजूला!"

"दिसली. रेघ आहे."

"ती दाबा."

लाइनमन माणूस, बरोबर दाबली. मग जन्मभर खांबावर चढून खालच्या माणसाला विचारायचे तसं विचारलं, "आवाज येता?"

तोही तिकडे आपली रेघ शोधत असणार. मग पट्ट्यातून बारीक खरखर झाली, कोणीतरी नाक ओढलं, आणि माझ्या मुलाचा आवाज आला, "येता."

आवाज येतो, असं म्हणाला तो. आमच्या बोलण्यात आवाजाचं 'येता' आणि निघतानाचं 'येतां' ह्यांचा उच्चार जवळजवळ एकच. शेवटी नाकातला एक बारीकसा सूर कमीजास्त, बस्स. हे तसेच उभे होते, मान वर करून. मग त्याने पुन्हा म्हटलं, ह्या वेळी नाकातून, नीट.

"येतां, बाबा."

"यो," हे म्हणाले.

झापड काढली तेव्हा ह्यांच्या कपाळावर आणि नाकावर लाल वळ उठले होते. स्पंज चिंब भिजला होता. ह्यांनी माझ्याकडे न बघता ते यंत्र माझ्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत गेले. मी पुसायला फडकं शोधत बसले नाही, पदरानेच पुसलं. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि मागोमाग ह्यांची हाक.

"अगे, घुमटाचं कातडं पार ढिलं पडलंय. ऊन आहे तोवर हे जरा अंगणात ठेव."